कारभारी म्हणजे मालक नव्हे! ख्रिस्ती धर्मातली 'स्टुअर्डशिप' नेमकी काय असते?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात दारात उभं राहून "कारभारी हाईत काय घरात?" असं विचारलं, तर आतून बाई नवऱ्याला हाक मारते. आपल्याकडं कारभारी म्हणजे घरधनी, घराचा मालकच. पण हा शब्द मुळात मालकाचा नाही. संस्थानांच्या काळात कारभारी म्हणजे राजाच्या वतीनं राज्य चालवणारा माणूस. खजिना त्याच्या हातात, सही त्याची, हुकूमही त्याचाच. पण यातलं काहीच त्याचं स्वतःचं नाही.

हाच शब्द मराठी बायबलमध्येही आहे. इंग्रजीत ज्याला 'स्टुअर्ड' म्हणतात, त्याच्यासाठी मराठी भाषांतरकारांनी 'कारभारी' हा शब्द वापरला आणि 'स्टुअर्डशिप' म्हणजे 'कारभारीपण' झालं. रविवारी चर्चमध्ये जाणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा शब्द लहानपणापासून माहीत असतो. बाकीच्यांनी तो फारसा ऐकलेला नसतो. सोशल मीडियावर मात्र 'ब्लेस्ड', 'ग्रेटफुल' हे शब्द सगळेच वापरतात. नवी गाडी घेतली, ब्लेस्ड. प्रमोशन झालं, ब्लेस्ड. गोव्याला गेलो, सुपर ब्लेस्ड. कारभारीपणाचा विचार इथंच एक अडचणीचा प्रश्न टाकतो. मिळालं ते ठीक, पण कशासाठी मिळालं आणि त्याचा हिशोब कोण देणार?

आधी कोल्हापूरच्याच एका कारभाऱ्याची गोष्ट

'कारभारी' या शब्दाला हिशोब किती घट्ट चिकटलेला आहे, हे बघायला बायबलपर्यंत जायची गरज नाही. 1880 च्या सुमाराला कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती चौथे शिवाजी महाराज होते. वय लहान, प्रकृती बिघडलेली. राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली माधवराव बर्वे बघत होते. महाराजांना नीट वागवलं जात नाही, अशी कुजबुज महाराष्ट्रभर पसरली. टिळक आणि आगरकरांच्या 'केसरी' आणि 'मराठा'नं त्यावर कडक लिहिलं आणि बर्व्यांना लोकांसमोर जाब विचारला.

बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप झाले होते ती बनावट ठरली आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या 101 दिवसांवर आगरकरांनी पुस्तकच लिहिलं. म्हणजे आरोप टिकला नाही. पण लोकांच्या मनात जो प्रश्न होता तो रास्त होता. दुसऱ्याचं राज्य ज्याच्या हातात आहे त्यानं ते कसं सांभाळलं, हे विचारायचा हक्क कुणाला तरी असला पाहिजे, असं लोकांना वाटत होतं.

ख्रिस्ती कारभारीपणाची कल्पना याच चौकटीत बसते. फरक एवढाच की इथं मालक देव आहे आणि कारभारी म्हणजे प्रत्येक माणूस.

शब्द कुठून आला?

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्यात कारभाऱ्यासाठी 'ओइकोनोमोस' हा शब्द येतो. 'ओइकोस' म्हणजे घर आणि 'नोमोस' म्हणजे नियम, व्यवस्था. घराची व्यवस्था बघणारा तो ओइकोनोमोस. याच कुळातून इंग्रजीतला 'इकॉनॉमी' हा शब्द आला. आज इकॉनॉमी म्हटलं की जीडीपी, सेन्सेक्स, रेपो रेट डोळ्यांसमोर येतात. मुळात ती घरच्या डब्यांची, धान्याची आणि माणसांच्या पोटाची गोष्ट होती. रोमन काळात मोठ्या घरांतला हा कारभारी पुष्कळदा गुलामच असायचा. कोठीच्या किल्ल्या त्याच्याकडं, नोकरांना वेळेवर जेवण मिळतंय का हे बघणं त्याचं काम आणि धनी परत आला की हिशोब द्यायचा तोही त्यानंच.

बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात माणसाला बागेत ठेवलं जातं ते तिची मशागत आणि राखण करायला, अशी कथा आहे. बागेचा सातबारा माणसाच्या नावावर नाही. तो फार तर वाटेकरी.

प्रत्येक टॅलेंटची किंमत किती?

कारभारीपणावर बोलताना सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायात आहे. एक धनी परगावी जाताना तीन चाकरांकडं पैसे देतो. एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. पहिले दोघं व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून आपला पैसा पुरून ठेवतो. धनी परत येतो, पहिल्या दोघांना शाबासकी देतो आणि तिसऱ्याला हाकलून देतो.

टॅलेंट हे वजन होतं आणि त्या वजनाच्या चांदीची रक्कमही. आज आपण गुण, कौशल्य या अर्थानं 'टॅलेंट' म्हणतो, तो अर्थ इंग्रजीत याच गोष्टीमुळं रुळला. म्हणजे टीव्हीवरच्या प्रत्येक टॅलेंट शोच्या नावात ही गोष्ट लपलेली आहे.

आता हिशोब करू. एक टॅलेंट म्हणजे साधारण 6,000 दिनार आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी. आजची मजुरी सोपेपणासाठी दिवसाला 500 रुपये धरली, तर एक टॅलेंट होतो 30 लाख रुपये. पाच टॅलेंट म्हणजे दीड कोटी. मजुरीच्याच भाषेत सांगायचं तर वर्षाला 300 दिवस काम धरून एका टॅलेंटला 20 वर्षं लागतात.

हा आकडा कळला की गोष्ट बदलते. तिसऱ्या चाकराला धन्यानं चिल्लर देऊन बोळवलं नव्हतं. 'सगळ्यात कमी' मिळालेल्याच्या हातातही आयुष्यभराची कमाई होती. तरी त्यानं ती पुरली. का? तो स्वतःच कारण सांगतो, भीती वाटली. धनी कडक आहे, नुकसान झालं तर काय करू, त्यापेक्षा आहे तसं परत देऊ. त्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही. आपल्या आजूबाजूच्या बऱ्याच सज्जन माणसांसारखाच तो वागला, आणि गोष्ट त्याच्यावर नेमकी इथंच बोट ठेवते.

(प्रामाणिकपणे सांगायचं तर मला हा तिसरा चाकर फार ओळखीचा वाटतो. तीन वर्षं कॅमेरा बॅगेत ठेवून 'एक दिवस डॉक्युमेंटरी करू' म्हणणारे आमच्या बॅचमध्ये निदान सहाजण आहेत.)

आशीर्वाद की संधी?

चर्चमधल्या उपदेशांत कारभारीपणाचे तीन भाग हमखास ऐकायला मिळतात. वेळ, कौशल्य आणि पैसा. त्यात लोक मग तब्येत, नाती, जमीन, पाणी अशी भर घालत जातात. यादीपेक्षा तिच्यामागची नजर महत्त्वाची आहे.

समजा तुम्हाला इंग्रजी चांगलं येतं. एक नजर म्हणते, नशीब, चांगल्या शाळेत गेलो. दुसरी म्हणते, कष्ट केले, माझी कमाई आहे. कारभाऱ्याची नजर विचारते की हे माझ्याकडं आलंय तर याचा उपयोग कुणाला व्हायचा होता? शेजारच्या काकूंना बँकेतून आलेलं पत्र वाचून दाखवणं एवढं छोटं उत्तरही चालतं. तुमच्याकडं दुचाकी आहे आणि गल्लीतल्या एका आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जावं लागतं. तुमच्या गोठ्यात चार म्हशी आहेत आणि दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं. पहिल्या नजरेला या सोयी दिसतात. कारभाऱ्याला त्यात काम दिसतं.

योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजार लोकांच्या जेवणाची गोष्ट आहे. तिथं एका पोराकडं जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे असतात. जव हे गरिबाचं धान्य, म्हणजे डबा साधाच. चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण गोष्ट सुरू होते ती कुणीतरी 'माझ्याकडं एवढंच आहे' असं म्हणून डबा पुढं केल्यामुळं.

कृतज्ञता आणि कारभारीपण यांच्यात हाच फरक आहे. कृतज्ञता 'थँक यू' म्हणून थांबू शकते. कारभारीपण तिथं थांबत नाही.

मिरजेचं हॉस्पिटल आणि एका कल्पनेची विटा-मातीची रूपं

कोल्हापूरशी या कल्पनेचं नातं दीडशे वर्षांहून जुनं आहे. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले. शहरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत हजारो विद्यार्थ्यांना मिशन कार्यासाठी परदेशी पाठवणाऱ्या चळवळीचा तो एक प्रवर्तक ठरला. आयर्विन ख्रिश्चन, एस्थर पॅटन या शाळांची नावं कोल्हापूरकरांना वेगळी सांगायला नकोत.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण शेजारच्या मिरजेचं आहे. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर 1889 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीनं भारतात आले. मिरज संस्थानच्या अधिपतींनी जागा दिली, अमेरिकेतल्या देणगीदारांनी पैसे दिले आणि 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. योगायोग असा की त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरचा राज्यकारभार हाती घेतला.

इथं 'आहे त्याचा उपयोग' म्हणजे काय ते नीट दिसतं. मिरज मोठं शहर नव्हतं, पण रेल्वेचं जंक्शन होतं. 1891 मध्ये कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली होती. लांबलांबून रुग्ण रेल्वेनं मिरजेला उतरायला लागले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी हॉस्पिटलचं नाव झालं. वानलेस एकटे किती जणांना पुरे पडणार? मग तिथंच स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात झाली. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी सोय झाली. क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं, ती जागा आजही वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. सांगली-मिरज प्रवास करणाऱ्या किती जणांना त्या स्टॉपच्या नावामागचा माणूस माहीत असेल, कुणास ठाऊक. 1928 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, त्याच वर्षी ते भारतातून निवृत्त झाले आणि 1933 मध्ये वारले.

माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ शस्त्रक्रियांची नाही, शिक्षणाची आहे. स्वतःकडचं कौशल्य दुसऱ्याच्या हातात दिलं की ते आपल्या मागंही राहतं. 1962 मध्ये मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि आज अर्धं कर्नाटकही उपचारांसाठी मिरजेची वाट धरतं, त्याची मुळं अशी मागं जातात.

अर्थात मिशनरी नुसते परोपकारासाठी आले नव्हते. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि ते ब्रिटिश सत्तेच्या काळात काम करत होते. या कामाचं मोल मानताना तेही लक्षात ठेवायला हवं. शाहू महाराजांनी ते आपल्या पद्धतीनं हाताळलं. शिक्षणासाठी त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना बळ दिलं, त्यात इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं.

चर्चमध्ये भोपळ्याचा लिलाव

कारभारीपणाचं गावाकडचं रूप बघायचं असेल तर हंगामाच्या सणाला चर्चमध्ये जावं. इंग्रजीत हार्वेस्ट फेस्टिव्हल. शेतातलं पहिलं पीक लोक चर्चमध्ये आणतात. भाताची पेंढी, उसाची मोळी, भुईमुगाच्या शेंगा, भोपळा, अंडी, कधी जिवंत कोंबडीही. प्रार्थना होते आणि मग लिलाव. एका भोपळ्याला बाजारभावाच्या पाच-दहा पट बोली लागते आणि घेणारा तोच भोपळा परत दान करतो, मग पुन्हा बोली. हसतखेळत मंडळीचा वर्षाचा खर्च उभा राहतो. शहरात शेती नाही, तर लोक केक, लोणचं, शिवलेल्या पिशव्या आणतात. काही ठिकाणी आता अर्पणाच्या थाळीशेजारी क्यूआर कोडही दिसतो.

पहिलं पीक द्यायचं यालाही अर्थ आहे. उरलंसुरलं दिलं तर ती सोय झाली. हंगाम पुढं कसा जाईल, कारखाना बिल कधी देईल हे माहीत नसताना पहिला वाटा बाजूला काढला तर ते अर्पण. ऊस घालून 14 दिवसांत बिल मिळायला हवं असा नियम असूनही वाट बघत बसलेल्या शेतकऱ्याला यातली जोखीम समजावून सांगायची गरज नाही.

मिझोराममध्ये याचं आणखी साधं रूप आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तो गोळा होतो, विकला जातो आणि त्यावर मोठी कामं चालतात.

वाचून काही आठवलं? आपल्याकडं हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजमध्ये जन्मलेल्या कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी 'मुष्टिफंड' सुरू केला. घरोघरी बायांनी रोज मूठभर धान्य वेगळं ठेवायचं. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. भाऊराव जैन घरातले. तेव्हा मुठीची ही कल्पना एका धर्माची जहागीर नाही. इस्लाममधल्या 'अमानत' आणि 'जकात' यांत ती आहे, गांधीजींच्या विश्वस्ताच्या सिद्धांतातही आहे. ट्रस्टी या शब्दाचा अर्थ इंग्लंडचा कायदा शिकल्यामुळं आपल्याला जास्त उमगला, असं गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलंय.

दहा टक्के द्यावेच लागतात का?

'दशांश' हा शब्द ख्रिस्ती घरांमध्ये नेहमीचा. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला. याची मुळं जुन्या करारातल्या व्यवस्थेत आहेत. तिथं ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता असे पुरोहित कुळातले लोक, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्या पोटापाण्याची सोय दशांशातून व्हायची. म्हणजे तो बराचसा करासारखा होता.

त्याच कायद्यात आणखी एक नियम आहे. पीक काढताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि खाली पडलेली कणसं उचलायची नाहीत, ती गरिबांसाठी सोडायची. आपल्याकडं याला नेमका शब्द आहे, सरवा. भुईमूग काढून झाल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया तुम्ही बघितल्या असतील. बायबलमधली रूथ अशीच सरवा वेचणारी बाई. फरक असा की तिथं सरवा सोडणं हा मालकाचा मोठेपणा मानलेला नाही, वेचणारीचा तो हक्क आहे.

नव्या करारात ठरावीक टक्केवारीची सक्ती सापडत नाही. पौल लिहितो त्याचा आशय असा की ज्यानं त्यानं मनात ठरवून द्यावं, कुरकुरत किंवा दडपणाखाली नाही. त्यामुळं दहा टक्क्यांबद्दल चर्चेसमध्ये एकमत नाही.

अठराव्या शतकातले इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. तरुणपणी वर्षाला 30 पौंड मिळायचे, त्यातल्या 28 मध्ये ते भागवायचे आणि 2 देऊन टाकायचे. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28 आणि दिले 32. उत्पन्न वाढत गेलं तसं दान वाढलं, राहणीमान नाही. पगारवाढ झाली की आधी मोठा फ्लॅट बघणाऱ्या आपल्या पिढीला ही गोष्ट टोचते, निदान मला तरी टोचली.

आता गैरवापराबद्दल

कारभारीपणाचा सगळ्यात सोपा गैरवापर म्हणजे त्याचं देणगीच्या आवाहनात रूपांतर करणं. 'द्या, म्हणजे शंभर पटीनं मिळेल' असं सांगणारे उपदेशक जगभर आहेत, मोबाइल उघडला की मराठीतही सापडतात. देवाशी केलेली ही गुंतवणूक म्हणजे मूळ कल्पना उलटी करणं आहे, अशी टीका ख्रिस्ती अभ्यासकच करतात. कारण कारभारी जास्त परताव्यासाठी पैसे लावत नाही, पैसे त्याचे नसतातच. चमत्काराचा दावा करून पैसे उकळले तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि तो कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना सारखा लागू आहे.

गरीब विधवेची गोष्ट तर फारच वापरली जाते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत लोक मोठ्या रकमा टाकतात, एक विधवा दोन छोटी नाणी टाकते आणि येशू म्हणतो की तिनं सगळ्यांपेक्षा जास्त दिलं, कारण तिच्याकडं होतं ते सगळं दिलं. देणगी मागताना ही गोष्ट सांगितली की ऐकणारा गप्प होतो. पण मार्कच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या अगदी आधी काय आहे ते क्वचित सांगतात. तिथं येशू विधवांची घरं गिळणाऱ्या आणि लोकांना दाखवायला लांबलचक प्रार्थना करणाऱ्या धर्मपंडितांवर तुटून पडतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ही गोष्ट कौतुकाइतकीच दुःखाचीही आहे. ज्या व्यवस्थेनं या बाईला सांभाळायचं, तीच तिच्याकडून शेवटचं नाणं घेते.

मला हे वाचन पटतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजातली बरीच कुटुंबं दलित जातींतून आलेली आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. अशा घरातल्या माणसाला 'तुझ्याकडचे आशीर्वाद मोज' एवढंच सांगणं पुरेसं नाही. कारभाराचा प्रश्न आधी ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याला विचारला पाहिजे.

असाच प्रश्न निसर्गाबद्दलही विचारला गेला. 1967 मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की माणसाला सृष्टीवर सत्ता दिली आहे या ख्रिस्ती समजुतीचा पर्यावरणाच्या संकटात वाटा आहे. त्यावर खूप वाद झाला. सत्ता म्हणजे लूट नव्हे, राखण, असं उत्तर चर्चेस देऊ लागले. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे पत्र याच विषयावर आलं. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना हा वाद पुस्तकी वाटायचं कारण नाही.

मग हिशोब कुणी मागायचा?

खरी कसोटी इथं लागते. मिशनरी गेले, मागं शाळा, हॉस्पिटलं, चर्च आणि जमिनी राहिल्या. ज्या जागा तेव्हा गावाबाहेर होत्या त्या आज शहराच्या मध्यात आल्या आणि त्यांची किंमत कोटींमध्ये गेली. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मिशनच्या मालमत्तांवरून विश्वस्तांमध्ये, चर्चच्या सभासदांमध्ये वाद आणि कोर्टकज्जे झाले आहेत. जमीन कुणी विकली, भाड्यानं कुणाला दिली, पैसे कुठं गेले? देवळांच्या आणि दर्ग्यांच्या जमिनींबद्दलही हेच प्रश्न येतात.

पौलानं याची तजवीज दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. जेरुसलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली वर्गणी तो एकट्यानं नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतो आणि कारणही लिहितो, आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून. देवासमोर आपण स्वच्छ आहोत एवढं त्याला पुरत नाही, माणसांसमोरही स्वच्छ दिसलं पाहिजे.

आपल्याकडं हे काम कायदा करतो. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावानं ओळखला जातो. चर्च असो, देऊळ असो की तालीम मंडळाचा ट्रस्ट, नोंदणी झालेल्या संस्थेला त्याखाली हिशोब ठेवावे लागतात, त्यांचं लेखापरीक्षण करावं लागतं आणि विश्वस्त बदलले की 'चेंज रिपोर्ट' द्यावा लागतो. कलम 36 सगळ्यात महत्त्वाचं आहे. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची, बदलून घ्यायची किंवा बक्षीस द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त काळ आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाडेपट्ट्यानं द्यायची तरीही लागते. विश्वस्तांच्या बैठकीत हात वर केले आणि व्यवहार झाला, असं चालत नाही.

तुमच्या चर्चच्या, देवळाच्या किंवा मंडळाच्या नावावर नेमकं काय आहे हे बघायचं असेल तर 'परिशिष्ट 1' मागा. ट्रस्टचं नाव, विश्वस्त कोण, स्थावर मालमत्ता कोणती, हे त्यात नोंदलेलं असतं. कोल्हापुरात सहायक धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. तिथं ट्रस्टचा नोंदणी क्रमांक घालून अर्ज द्यायचा, ठरलेली फी भरायची आणि प्रत घ्यायची. नोंदणी क्रमांक माहीत नसेल तर देणगीची पावती बघा, बहुतेक पावत्यांवर तो संस्थेच्या नावाखालीच छापलेला असतो.